जूनमध्ये आलात की पहिले दोन दिवस स्कान्सेनला

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला बसलं की आई व्हिसाचं विचारते, आजी जेवलीस का विचारते, मधेच दादाची रेंज जाते आणि जे सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून आज रविवारी निवांत टाइप करत बसलेय. दादाला म्हणावं मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे, आणि आजीला वाचून दाखवा, तिच्या कामाचंपण आहे यात.

बाबा, मी प्लॅन पाठवला त्यात पहिले दोन दिवस स्कान्सेन, म्हंजे इथलं उघड्यावरचं म्युझियम, लिहिलंय ते बघून तुम्ही म्हणालात की जुनी लाकडी घरं बघायला विमानानं कशाला यायचं, आपल्या गल्लीत काय कमी आहेत. आणि आई म्हणाली पॅरिस करूया त्यापेक्षा. पॅरिस नंतर बघू, पण स्कान्सेन मी काही कॅन्सल करणार नाही, आणि का नाही तेच सांगायला हे पत्र आहे, त्यामुळं जरा लांबेल.

तर इथं स्वीडनमध्ये, स्टॉकहोममध्येच यूरगोर्डेन नावाचं बेट आहे, तिथं टेकडीवर हे स्कान्सेन. साधारण 75 एकर जागा. देशाच्या कानाकोपऱ्यातनं आणलेली दीडशेच्या आसपास घरं, गोठे, कोठारं, पवनचक्क्या, एक अख्खं चर्च, सगळं खरंखुरं, म्हंजे मॉडेल नाही, जिथं लोक राहत होते तिथनं उकलून आणून इथं परत उभं केलेलं. आपण कणेरी मठावर सिद्धगिरी म्युझियम बघितलं ना, बारा बलुतेदार, बैलं, नांगर, सगळे सिमेंटचे पुतळे पण इतके जिवंत की आजी त्या म्हातारीशी बोलायलाच लागली होती, तसं इथं पुतळे नाहीत, इथं त्या काळाचे कपडे घातलेली खरी माणसं घरात बसलेली असतात, कुणी चूल पेटवतंय, कुणी लोकर विंचरतंय, आणि आपण आत जाऊन काहीही विचारायचं, ते काम करता करता सांगतात. 11 ऑक्टोबर 1891 ला हे उघडलं. उघड्यावरचं असं म्युझियम म्हटलं की जगात पहिलं नाव याचंच घेतात, नॉर्वेवाले म्हणतात आमच्या राजानं ऑस्लोजवळ 1881 मध्येच थोडी घरं आणून ठेवली होती, ते खरंही आहे, पण सगळ्या लोकांसाठी, एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणि आत माणसं-जनावरं ठेवून हे पहिल्यांदा इथं झालं. पुढं पोलंडमध्ये वगैरे तर असल्या कुठल्याही म्युझियमला स्कान्सेनच म्हणायला लागले.

हे ज्यानं केलं तो आर्टुर हाझेलियस. आई, हा तुझ्या पंथातला माणूस बरं का. भाषेचा अभ्यास, शिक्षिका होणाऱ्या मुलींना शिकवायचा, आणि स्वीडिश शुद्धलेखन सुधारायच्या चळवळीत एवढा पुढं की लोक वैतागले असतील. तर हा 1872 च्या उन्हाळ्यात दालार्ना भागात फिरायला गेला, दालार्ना म्हंजे इथला सगळ्यात जुन्या वळणाचा मुलूख मानतात, आणि तिथं त्याच्या लक्षात आलं की बायका गावोगावचे वेगवेगळे रंगीत पेहराव सोडून बाजारातलं कापड घालायला लागल्यात, पेट्या-कपाटं कवडीमोल भावात विकली जातायत. त्यानं तिथल्या तिथं कपडे विकत घ्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, 1873 ला, स्टॉकहोममध्ये भाड्याच्या जागेत प्रदर्शन उघडलं. नुसते कपडे टांगलेले नव्हते, खोली उभी करायची, त्यात माणसांचे पुतळे बसवायचे, प्रसंग मांडायचा. 1878 ला पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात हे नेलं तेव्हा लोकांनी गर्दी केली. पण त्याला पुढं असं वाटलं असणार की तीन भिंतींची खोली मांडण्यापेक्षा घरच आणलं तर! 1885 ला मोरा गावाकडचं एक लाकडी घर विकत घेतलं, ते आजही स्कान्सेनवर आहे, तुम्हाला सगळ्यात आधी तिथंच नेणार आहे.

पैसे? लोकांकडनं. देणग्या मागायचा, स्वतःचं घालायचा, वसंतात जत्रेसारखे उत्सव भरवायचा आणि त्यातनं पैसा उभा करायचा. सरकारच्या भरवशावर बसला असता तर अजून फाइलच फिरत असती. राहायलापण तो शेवटी स्कान्सेनवरच होता, 1901 ला तिथंच गेला आणि तिथंच त्याला पुरलंय. त्याचं एक म्हणणं इथं सगळ्यांना पाठ असतं, असा दिवस उजाडेल की आपलं सगळं सोनं ओतलं तरी गेलेल्या काळाचं चित्र उभं करता येणार नाही, अशा अर्थाचं.

आता त्याला एवढी घाई का झाली होती ते बघायला पाहिजे, नाहीतर हा नुसता हौशी माणूस वाटतो. 1827 च्या कायद्यानं इथं जमिनींचं एकत्रीकरण चाललं होतं. आधी प्रत्येकाच्या शेताच्या पट्ट्या दहा ठिकाणी विखुरलेल्या आणि घरं सगळी गावात एकमेकांना खेटून. कायद्यानं ज्याची त्याची जमीन एका जागी करून दिली आणि सांगितलं, आता घर उचल आणि आपल्या शेतात जा. गावंच्या गावं अशी विस्कटली. त्यात 1867 ते 69 चा दुष्काळ, आणि अमेरिकेला जाणाऱ्या बोटी. 1850 पासून 1930 पर्यंत साधारण तेरा लाख माणसं हा देश सोडून गेली, आणि 1900 साली लोकसंख्याच होती पन्नास लाखाच्या थोडी वर. आज आपल्याला वाटतं हे लोक जन्मजात श्रीमंत, व्होल्वो आणि आयकिया घेऊनच जन्माला आले, तसलं काही नाही. ऑफिसातल्या चहाच्या वेळी विचारलं तर बऱ्याच जणांच्या घरी निघतं, पणजोबाचा भाऊ मिनेसोटाला गेला तो परत आलाच नाही.

बाबा, आता तुमच्या विषयाचं. ही घरं उचलून आणली कशी असतील, असं तुम्ही विचारणार मला माहितीये. ही घरं आपल्यासारखी खांब-तुळईची नाहीत. पाइनचे अख्खे ओंडके आडवे एकावर एक ठेवत गेलेत, कोपऱ्यात दोन्ही बाजूंचे ओंडके खाच पाडून एकमेकांत बसवलेत, खिळा नाही की पट्टी नाही. आणि गंमत पुढंच आहे. वरचा ओंडका खालच्यावर नीट बसावा म्हणून त्याच्या पोटात लांबलचक खोबण कोरतात. झाड काही सरळ नसतं, खालच्याला जिथं गाठ आहे, उंचवटा आहे, तिथं वरच्याला तेवढाच खड्डा पाहिजे. त्यासाठी त्यांच्याकडं दोन टोकांचं एक लोखंडी हत्यार असतं, ते खालच्या ओंडक्याच्या पाठीवरनं ओढत नेलं की खालचा उंचसखलपणा जसाच्या तसा वरच्या ओंडक्यावर रेघ म्हणून उमटतो. मग त्या रेघेपर्यंत तासायचं. मधल्या फटीत शेवाळ भरतात, वारा आत यायला नको म्हणून. मी त्या मोराच्या घराच्या कोपऱ्याशी बोट घालून बघितलं, इतक्या वर्षांनंतर नखसुद्धा जाईना. कुऱ्हाडीचे घाव मात्र तिरक्या उन्हात स्वच्छ दिसतात, एकेक घाव, आणि एका जागी घावांची दिशाच बदललीये, म्हंजे दुसरा माणूस डावखुरा असेल का? तुम्ही बघून सांगा.

आणखी एक, दाराच्या चौकटीच्या वर मुद्दाम फट सोडतात आणि ती फळीनं झाकतात. कारण ओंडके वाळत वाळत बसतात, भिंत वर्षा-दोन वर्षांत खाली येते, फट नसली तर सगळा भार चौकटीवर येऊन दार अडकणार. आयटीआयला तुम्ही पोरांना लाकूड जिवंत असतं म्हणून सांगायचा ते मला इथं नीट कळलं.

तर अशी ही बिनखिळ्याची घरं. प्रत्येक ओंडक्यावर खूण करायची, वरनं एकेक उतरवायचा, गाडीवर किंवा हिवाळ्यात बर्फावरनं स्लेजनं न्यायचा, आणि नव्या जागी त्याच क्रमानं रचायचं. हे काय हाझेलियसनं शोधलं नाही. शेतकरी ते आधीपासूनच करत होते, घर विकायचे, वाटणीत द्यायचे, जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा तर उचलून शेतात नेलीच. त्यानं फक्त ते स्टॉकहोमला आणलं. हे ऐकल्यापासून मला त्या दीडशे घरांचं नवल कमी आणि सुतारांचं जास्त वाटायला लागलं.

छपरावर गवत उगवलेलं बघून आई फोटो काढत सुटणार, मीपण सुटले होते. पण ते शोभेचं नाही. पाणी अडवते ती गवताखालची बर्च झाडाची साल, थरावर थर लावलेली, ती कुजत नाही. साल उडून किंवा गुंडाळून जाऊ नये म्हणून वर मातीचं वजन ठेवलेलं आणि मातीत गवत उगवतं एवढंच. काही दशकांनी साल बदलावी लागते, आणि ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडात रस चढलेला असतानाच नीट निघते, म्हंजे ती कशी काढायची हे येणारी माणसं कायम लागणार. घर आणून ठेवणं हा एकदाचा खर्च, खरं काम ते पुढचं.

लाल रंगाचंपण तसंच. इथं खेड्यात जाल तिथं तांबडी घरं आणि पांढऱ्या चौकटी. हा रंग फालून गावच्या तांब्याच्या खाणीतनं येतो, खाणीच्या टाकाऊ मातीतनं. ती भाजून दळायची, पाणी, राईचं म्हंजे इथल्या काळसर धान्याचं पीठ आणि जवसाचं तेल घालून शिजवायची, अक्षरशः खळ शिजवतात तशी. आधी हा श्रीमंतांचा रंग होता, लाकडी घर विटांचं दिसावं म्हणून लावायचे, गरिबाचं घर बिनरंगाचं, राखाडी. एकोणिसाव्या शतकात तो सगळीकडं पसरला. खाण 1992 ला बंद झाली, 2001 ला युनेस्कोच्या यादीत गेली, रंग अजून बनतोय आणि दुकानात डब्यात मिळतोय.

मोठी घरं बघायला छान आहेत, स्कोगाहोल्म नावाचा एक जमीनदाराचा वाडापण आणून ठेवलाय, झुंबरं, रंगवलेल्या भिंती, बागबिग. आई, तुला ते आवडेल. पण मला जे दाखवायचंय ते त्या पलीकडं आहे. सैनिकाचं झोपडं. सतराव्या शतकाच्या अखेरीला राजा अकरावा कार्ल यानं पद्धत घातली की काही शेतकऱ्यांनी मिळून एक सैनिक पोसायचा, त्याला एक छोटं घर आणि जमिनीचा तुकडा द्यायचा. लढाई नसेल तेव्हा तो ते कसणार. आणि मेला तर बायकापोरांनी घर रिकामं करायचं, कारण पुढचा सैनिक येणार. 1901 पर्यंत चाललं हे.

आणि दुसरी एक लांबट चाळ आहे, स्तातारे लोकांची. स्तातारे म्हंजे मोठ्या जमीनदारांकडचे वर्षावर बांधलेले मजूर, बाबा, सरळ आपले सालगडीच. एका कुटुंबाला एक खोली आणि स्वैपाकाची जागा. पगार बहुतेक धान्यात, दुधात, बटाट्यात, रोख थोडीशी. नवऱ्याला कामाला ठेवला की बायकोनं मालकाच्या गाई दिवसातनं दोन-तीनदा पिळायच्या हे धरलेलंच, सुट्टी नाही, आजारपण नाही. साल संपायचं ऑक्टोबरच्या शेवटी. आपल्याकडं पाडव्याला साल ठरतं तसं इथं त्या आठवड्यात ही माणसं भांडीकुंडी गाडीवर टाकून दुसऱ्या मालकाकडं निघायची, पोरांची शाळा तुटायची, आणि पुढच्या वर्षी परत तेच. ही पद्धत बंद झाली 1945 ला! आपल्याला स्वातंत्र्य मिळायच्या दोन वर्षं आधी. मी त्या खोलीत उभी होते तेव्हा बाजूला एक स्वीडिश आज्जी नातवाला सांगत होत्या की माझी आई असल्याच खोलीत जन्मली. नातू मोबाइल बघत होता, पण त्यानं मान वर केली.

राजवाडे जपायला कुणी पण पुढं येतं, पैसेपण मिळतात. मालकाच्या वाड्याच्या तिकिटावर गड्याची खोलीपण दाखवायची, त्याच डोंगरावर, हे मला फार पटलं.

पण सगळंच गोड आहे असं नाही. सुरुवातीपासून तिथं सामी लोकांचा तळ मांडला होता. सामी म्हंजे उत्तरेकडचे रेनडियर पाळणारे मूळचे लोक. तर खरी सामी कुटुंबं आणून तिथं राहायला ठेवायचे आणि शहरातले लोक तिकीट काढून त्यांना बघायला जायचे, शेजारी अस्वलं, लांडगे. दालार्नाच्या बायकापण त्यांच्या पेहरावात कामाला ठेवलेल्या, पण त्या पाहुण्यांना माहिती द्यायच्या, पगारी. सामींना मात्र बघायची वस्तू केलं. हाझेलियसला आपला शेतकरी भला, कष्टाळू, देवभोळा असाच दाखवायचा होता, आणि सामी म्हंजे लांबचे कुणीतरी. आज हे इथं मोकळेपणानं बोलतात, सामींचं सामींनी सांगावं असं म्हणतात, तरी त्या तळाशी गेलं की मला जरा कसंतरीच होतं. देशप्रेमाचं वारंपण त्या काळी जोरात होतं. 6 जूनला झेंड्याचा उत्सव स्कान्सेनवरच 1893 पासून सुरू झाला, आता तो राष्ट्रीय दिवस आहे, 2005 पासून सुट्टीपण, आणि संध्याकाळी राजा-राणी अजून तिथं येतात. तुम्ही 4 तारखेला पोचताय, म्हंजे जमलं तर लांबनं राजा बघायला मिळेल. आई, साडी आण एक चांगली.

आता आजीसाठी. आजी, इथं उत्तरेकडं एक भाकरी करतात, सातूच्या पिठाची, कागदासारखी पातळ आणि आपल्या परातीपेक्षा मोठी. थापत नाहीत, लाटतात, आणि लाटण्याला बारीक खाचा पाडलेल्या असतात त्यामुळं भाकरीवर ठिपक्यांची नक्षी उठते आणि ती फुगत नाही. भाकरीसाठी वेगळी खोलीच असते, आत दगडी भट्टी, एका बाजूला लाकडं पेटवलेली. मग एक लांब पातळ लाकडी पट्टी, तलवारीएवढी, ती भाकरीच्या खाली सरकवायची, उचलायची, भट्टीत उलगडून टाकायची. एक बाई हे करताना मी बघत उभी राहिले, पट्टी घालताना तिनं भाकरीखालचं पीठ एका छोट्या झाडूनं झटकलं, आणि झटकताना तोंडानं फू केलं ना, तू करतेस अगदी तस्संच. वर्षातनं एक-दोनदाच सगळ्या गल्लीतल्या बायका जमून भाजायच्या आणि वाळवून महिनोन्महिने पुरवायच्या. दुसरा एक राईचा कडक पाव असतो त्याला मधे भोक, भोकातनं काठी घालून ती छताला आडवी टांगायची, उंदीर नाही की ओल नाही. मला तिनं गरम तुकडा लोणी लावून दिला. मीठ कमी होतं जरा, बाकी झकास.

आणि उन्हाळ्यात इथल्या बायका, पोरी, जनावरं घेऊन जंगलात वर जाऊन राहायच्या, गडीमाणसं खाली शेतावर. गावाजवळचं गवत हिवाळ्यासाठी राखायला पाहिजे ना, म्हणून. तिथं दूध पिळायचं, लोणी, चीज करून ठेवायचं. गाई संध्याकाळी लांब गेल्या की हाक मारायची, ती हाक एवढ्या उंच पट्टीत असते की दोन-तीन डोंगर ओलांडून जाते, शब्द फारसे नाहीतच, नुसता आवाज असा वर चढत जातो. स्कान्सेनवर अशा वस्तीची घरं आहेत आणि उन्हाळ्यात कधी कधी ती हाक ऐकवतात. मी ऐकली तेव्हा अंगावर काटा आला, आणि खरोखर पलीकडनं एक गाय हंबरली. ही उन्हाळी वस्तीची पद्धत डिसेंबर 2024 मध्ये स्वीडन-नॉर्वेची मिळून युनेस्कोच्या यादीत गेली. पण अजून खरोखर तसं राहणारी कुटुंबं थोडीच उरलीत, कारण दुधाच्या हिशेबात ते परवडत नाही आणि लांडगेपण वाढलेत असं तिकडचे लोक कुरकुरतात.

संगीताचं थोडक्यात सांगते. आंडर्स झोर्न म्हणून मोठा चित्रकार होऊन गेला, मोराचाच, अमेरिकेच्या अध्यक्षांची वगैरे चित्रं काढून भरपूर पैसा कमावला आणि त्यातनं गावाकडची जुनी लाकडी घरं विकत घेऊन मोरामध्येच एक वसती उभी केली, चाळीसेक घरं असतील. त्याला दिसलं की गावोगावचे फिडल म्हंजे व्हायोलिन वाजवणारे म्हातारे मरतायत आणि पोरं हार्मोनियमसारखा तो अकॉर्डियन घेऊन बसलीत. म्हणून त्यानं 1906 ला मोराजवळच्या गेसुंडाला वादकांची स्पर्धा भरवली, आणि 1910 ला स्कान्सेनवर सगळ्या देशातले वादक जमले. त्यांना दिलेल्या बिल्ल्याचं डिझाइन झोर्नचंच. आजही परीक्षकांपुढं वाजवून तो झोर्न बिल्ला मिळवावा लागतो, आणि ज्याच्या छातीवर तो दिसतो त्याच्याशी इथले लोक जरा अदबीनं बोलतात. मिडसमर म्हंजे इथला भर उन्हाळ्यातला सण, त्याच्या आदल्या दिवशी, यंदा तो तुमच्या मुक्कामातच येतोय, स्कान्सेनवर पानाफुलांचा उंच खांब उभा करतात आणि हे वादक पुढं, मागं सगळं गाव. मोठमोठी माणसं, बँकेतली वगैरे, खांबाभोवती बेडकासारखी उड्या मारत नाचतात. बाबा, तुम्हालापण ओढतील, लाजू नका.

पण मला या सगळ्यात जास्त कौतुक स्कान्सेनचंसुद्धा नाही. आम्ही राहतो तिथनं बसनं अर्ध्या तासावर एका खेड्यात एक छोटी जागा आहे, चार-पाच जुनी घरं, एक कोठार, एक शाळेची खोली. असल्या जागा इथं देशभर आहेत, हजाराच्या वर, आणि त्या चालवणारी गावागावातली मंडळं दोन हजाराच्या आसपास. त्यांचा महासंघ 1916 पासून आहे. पगारी माणूस बहुतेक ठिकाणी नाहीच. रिटायर झालेले मास्तर, नर्सबाई, ड्रायव्हर असे लोक शनिवारी येतात, गवत कापतात, कौल बदलतात, वॉफल आणि कॉफी विकून रंगाचे पैसे काढतात. तिथं एक आजोबा कुंपण घालत होते. इथलं जुनं कुंपण तिरक्या फळ्यांचं असतं, दोन उभ्या काठ्यांमधनं तिरक्या फळ्या सरकवत जायचं आणि बांधायला कोवळ्या स्प्रूस झाडाची फांदी, ती आधी आगीवर धरून गरम करायची म्हंजे दोरीसारखी पिळता येते. मला म्हणाले ओढ, मी ओढली तर तुटली, त्यांनी हसून दुसरी गरम केली. ऐंशीच्या पुढचे असतील. मी विचारलं तुमच्यानंतर कोण, तर म्हणाले मुलगा गोथेनबर्गला असतो, सून जर्मन आहे, ती मात्र शिकायचं म्हणते.

हाच प्रश्न सगळीकडं आहे. सभासद लाखांनी आहेत पण शनिवारी येणारे डोक्यावर पांढरे केस असलेलेच. तरी एक गोष्ट यांनी बरी केलीये, शाळेत हातकाम सक्तीचं आहे, मुलगा असो की मुलगी, लाकूडकामपण आणि शिवण-विणकामपण. मार्क मिळतात त्याला. आमच्या शेजारच्या बारा वर्षाच्या पोरीनं स्वतः केलेला लोणी लावायचा लाकडी चाकू मला दिलाय, रंधा जरा उलट्या रेषेनं मारलाय तिनं, तेवढं तुम्ही तिला सांगा आल्यावर. इंग्रजीत बोलते ती.

बाबा, तुम्हाला आठवतं का आपण पुण्याला केळकर म्युझियम बघायला गेलो होतो? दिनकर केळकरांनी मुलगा राजा लहानपणी गेला त्याच्या नावानं अख्ख्या देशभर फिरून दिवे, अडकित्ते, वज्री, दरवाजे जमवले, आणि कोथरूडचा मस्तानी महाल उकलून आणून तिथं परत बसवला. तेव्हा तुम्ही त्या महालाच्या नक्षीच्या खांबापाशी एवढा वेळ उभे राहिलात की वॉचमननं हटकलं. हाझेलियस आणि केळकर एकाच वेडाचे, मला तरी तसं वाटतं. फरक एवढाच दिसतो की इथं त्या एका वेड्याच्या मागं गावोगाव मंडळं उभी राहिली आणि सव्वाशे वर्षं कुऱ्हाड धरायला माणूस मिळत राहिला. आपल्याकडं एकटा माणूस सगळं करून जातो आणि पुढं पावती फाडायला कुणी असतं, वाकस धरायला नसतं. यात चूक कुणाची ते मी इथं बसून बोलणं बरं नाही, मीच बाहेर येऊन बसलेय.

म्हणून एक काम सांगते, यायच्या आधी कराल का. काका घराचा जुना सोपा पाडून स्लॅब घालणार आहेत ना, घालू देत, त्यांना राहायचंय तिथं, पावसाळ्यात गळतं ते मीपण बघितलंय. पण पाडायच्या आधी तुम्ही आणि दादानं मिळून मापं घ्या. खांबांची, तुळयांची, उंबऱ्याची. सांधे उकलताना दादाला मोबाइलवर व्हिडिओ करू दे आणि तुम्ही तोंडानं सांगा कुठला सांधा कसा बसवलाय, आजोबांनी कुठलं लाकूड कुठनं आणलं, कशाला काय म्हणतात. साग असेल तर लाकूड विकू नका लगेच, गोठ्यात ठेवा आडवं, जमिनीला टेकवून नको, हे मी तुम्हाला काय सांगणार म्हणा. इथं आलात की तो व्हिडिओ त्या आजोबांना दाखवायचाय, मी त्यांना कबूल करून बसलेय.

आता तयारीचं. आईच्या गुडघ्याचं टेन्शन नको, स्कान्सेनच्या एका गेटपासून वर जायला रुळावरची छोटी गाडी आहे, ट्राम तर थेट दारात सोडते. वर गेल्यावर मात्र चढउतार आणि खडीचे रस्ते, त्यामुळं चपला नको, बूट आणा दोघांनी, आणि आई, ते लग्नातले सॅंडल तर अजिबात नको. जून असला तरी सकाळी गारठा असतो, एकेक स्वेटर हँडबॅगेत ठेवा. रात्री दहापर्यंत उजेड असतो, बाबा म्हणतील झोप लागत नाही, मी जाड पडदे लावून घेतलेत. पिंट्याला सांगा अस्वलाचा आणि एल्क म्हंजे इथल्या मोठ्या हरणाचा व्हिडिओ नक्की पाठवते, ते पण तिथंच आहेत.

बाबा, तुमची पटाशी आणायची असेल तर चेक-इनच्या बॅगेत, कागदात गुंडाळून, केबिनमध्ये काढून घेतील. आणि आई, पेढे, खवा, तूप असलं दुधाचं काही आणू नकोस, इथं बाहेरच्या देशातनं आणायला बंदी आहे, कस्टमवाले फेकून देतात आणि तुला वाईट वाटेल. भडंग, कांदालसूण चटणी, मेतकूट आण. चटणी दोन किलो तरी आण, एक किलो ऑफिसातल्यांसाठीच लागेल, त्यांनी विचारून ठेवलंय.

आजीला नमस्कार, दादा-वहिनीला आठवण, पिंट्याला पापा.

तुमची,
माई